प्रेमकादंबरी अर्ध्यात सोडावी का? देवघेवीच्या काउंटरवर नेहमी येणारे प्रश्न

सोलापुरातल्या एका छोट्या वाचनालयात मी देवघेव सांभाळते. आमच्याकडे सगळ्यात जास्त फिरतात त्या प्रेमकादंबऱ्या, आणि न संपवता परत येतात त्यातही प्रेमकादंबऱ्याच जास्त. पुस्तक काउंटरवर ठेवताना बरेच सभासद आवाज खाली आणून काहीतरी विचारतात, जणू हातून मोठा गुन्हा घडला आहे. त्यातले नेहमीचे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत.

पुस्तक अर्ध्यात सोडणं म्हणजे सरस्वतीचा अपमान नाही का?

नाही. पुस्तकाला पाय लागला की आपण नमस्कार करतो, करावाच. तो मान पुस्तक जपण्यात आहे, पानं न दुमडण्यात आहे, वेळेवर परत करण्यात आहे. न आवडलेली तीनशे पानं रेटत नेली म्हणून सरस्वती प्रसन्न होते असं मला वाटत नाही.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली. भारतातलं ग्रंथालयशास्त्र त्यांच्याच पायावर उभं आहे, आणि १२ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस आम्ही ग्रंथपाल दिन म्हणून पाळतो. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, हे पहिलं सूत्र. दुसरं, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. तिसरं, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. चौथं सूत्र सरळ सांगतं की वाचकाचा वेळ वाचवा. दुसरं आणि तिसरं सूत्र शेजारी शेजारी ठेवून बघा. जी कादंबरी तुमची नाही, ती दुसऱ्या कुणाची तरी आहे, आणि तुमच्या उशाशी महिनाभर पडून असल्यामुळे त्या वाचकाला ती मिळत नाही. परत करण्याने पुस्तकाचं भलंच होतं.

पण सगळ्याच कादंबऱ्यांना हे लागू आहे. प्रेमकादंबरीचं वेगळं काय?

वेगळं आहे, आणि माझ्या मते सगळी मेख इथेच आहे.

रहस्यकथा मध्येच रटाळ झाली तरी माणूस नेटाने वाचत राहतो, कारण खुनी कोण हे शेवटी कळणार असतं. प्रेमकादंबरीत ते दोघं कोण आहेत हे आपल्याला बहुतेक वेळा पहिल्या दुसऱ्या प्रकरणातच कळतं. इंग्रजी धाटणीच्या रोमान्समध्ये तर ती दोघं एकत्र येणार हेही ठरलेलंच. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेने या प्रकाराची व्याख्या करताना दोनच अटी घातल्या आहेत: प्रेमकथा कादंबरीच्या केंद्रस्थानी हवी आणि शेवट समाधान देणारा, आशा ठेवणारा हवा. मिल्स अँड बून ही लंडनची प्रकाशनसंस्था १९०८ साली सुरू झाली आणि १९३०च्या दशकापासून प्रेमकथांकडे वळली. तिची पुस्तकं इतकी वर्षं जगभर खपतात त्याचंही एक कारण हेच, की शेवटाची खात्री असते.

मग शेवट माहीत असताना आपण वाचतो कशासाठी? ती दोघं एकमेकांपर्यंत पोचतात कशी, ते बघण्यासाठी. एकाने दुसऱ्याला पहिल्यांदा नीट पाहिलं कधी, कुठली गोष्ट लपवली, कुठल्या वाक्याने मन दुखावलं, माफी कशी मागितली. पुस्तकाचा सगळा जीव या मधल्या वाटेत असतो. ही वाटच नीरस निघाली तर शेवटचं लग्न कितीही थाटाचं असो, त्याने भरपाई होत नाही. म्हणून "शेवटी काय होतं ते बघू" हे कारण प्रेमकादंबरीच्या बाबतीत सगळ्यात लंगडं आहे. तुम्हाला ते माहीतच आहे.

या वाचनप्रकारावर माझं प्रेम आहे, म्हणूनच सांगते. वाईट प्रेमकादंबऱ्या केवळ संपवायच्या म्हणून संपवणारी बाई दोन वर्षांत म्हणायला लागते, "असली पुस्तकं सगळी सारखीच." ती सारखी नसतात. चांगल्या पुस्तकापर्यंत पोचण्याआधीच ती थकलेली असते.

मराठी प्रेमकादंबरीचा शेवट गोड असेलच असं कुठे आहे? म्हणून तर मी शेवटपर्यंत वाचते.

हा मुद्दा खरा आहे. आपल्याकडच्या कितीतरी प्रेमकथांत शेवटी ताटातूट आहे, त्याग आहे, कुणाचा तरी मृत्यू आहे. लग्न दुसऱ्याशीच होतं आणि वीस वर्षांनी एखाद्या समारंभात दोघं समोरासमोर येतात. अशा पुस्तकात पुढे काय होईल याची उत्सुकता खरीखुरी असू शकते.

तर मग तपासून बघा, की उत्सुकता कशाची आहे. या दोन माणसांचं काय होतं याने जीव खालीवर होत असेल तर वाचत राहा, भाषा थोडी जड असली तरी. पण माणसांशी देणंघेणं उरलेलं नाही आणि फक्त निकाल हवा आहे, असं असेल तर शेवटचं प्रकरण आधी वाचून टाका. त्यात काहीही गैर नाही. शेवट वाचल्यावर "अरे, हे इथपर्यंत आले कसे?" असं वाटलं तर मागे जाऊन वाचायला नवा हुरूप येतो. तसं काही वाटलं नाही, तर तुम्हाला हवं होतं ते मिळालं. पुस्तक मिटा.

किती पानं वाचून ठरवायचं?

नॅन्सी पर्ल या सिअॅटलच्या ग्रंथपालबाईंचा एक नियम प्रसिद्ध आहे. पन्नास पानं वाचा, तोवर मन लागलं नाही तर सोडा. वय पन्नासच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करा आणि तेवढीच पानं द्या. म्हणजे सत्तरीच्या आजींनी तीस पानं वाचली की पुरे. वय वाढेल तसा वेळ मोलाचा होतो, हा त्यामागचा हिशेब. आमच्या ज्येष्ठ सभासदांना मी हा नियम सांगते तेव्हा त्यांचे चेहरे खुलतात.

प्रेमकादंबरीसाठी मी त्यात थोडी भर घालते. पन्नास पानांत ती दोघं निदान दोनदा समोरासमोर आली पाहिजेत, आणि दुसऱ्या भेटीत पहिल्या भेटीपेक्षा काहीतरी निराळं घडलं पाहिजे. ज्यांना पानं मोजायला आवडत नाही त्यांना मी गाडीचा हिशेब सांगते. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला निघालात आणि पुस्तक उघडलंत, तर कुर्डुवाडी येईपर्यंत त्याला संधी द्या. कुर्डुवाडी कधी आली हे कळलंच नाही, तर पुस्तक तुमचं आहे. दर पाच मिनिटांनी खिडकीबाहेर लक्ष जात असेल तर पिशवीत दुसरं पुस्तक असू द्या.

आणखी एक गोष्ट दाखवते. वाचनालयातली जुनी प्रेमकादंबरी हातात घ्या आणि मिटलेल्या पानांच्या कडा उजेडात बघा. काही पुस्तकांच्या कडा पहिल्यापासून शेवटपर्यंत सारख्याच मळलेल्या दिसतात. काहींच्या पहिल्या सत्तर ऐंशी पानांपर्यंत काळपट, हाताळलेल्या, आणि पुढे एकदम पांढऱ्या. जिथे रंग बदलतो तिथे तुमच्या आधी कितीतरी जणींनी पुस्तक खाली ठेवलेलं असतं. पुस्तकाच्या मागे चिकटवलेल्या, तारखा मारायच्या कागदावर दोन दोन दिवसांच्या अंतराने शिक्के पडलेले असतील तर अर्थ दोनपैकी एक: पुस्तक एका बैठकीत संपणारं आहे, नाहीतर कुणालाच संपवता आलेलं नाही. कडा बघितल्या की कुठला अर्थ ते कळतं.

संथ कादंबरी आणि रटाळ कादंबरी यात फरक कसा ओळखायचा?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण घाईघाईत चांगली संथ पुस्तकं सुटून जातात.

समजा, गोष्ट आपल्याच गावात घडते. ती अशोक चौकाजवळच्या एका चादर कारखान्यात हिशेब लिहिते. तो पुण्याच्या दुकानासाठी टॉवेलची ऑर्डर घेऊन आला आहे. चाळिसाव्या पानावर दोघांचं डझनांवरून वाजतं. तो म्हणतो माल कमी आहे, ती म्हणते पुन्हा मोजा. तो मोजतो, तिचंच बरोबर निघतं. साठाव्या पानावर तो पुन्हा येतो आणि गठ्ठा सोडण्याआधी वही तिच्यापुढे सरकवतो, "आधी तुम्ही बघा." ऐंशीव्या पानावर कारखान्यात चहा येतो, आणि ती पोऱ्याला सांगते, त्यांचा बिनसाखरेचा. मागच्या खेपेला त्याने अर्धा कप तसाच ठेवला होता, ते तिने पाहिलेलं असतं. शंभर पानं झाली, कुणी कुणाचा हात धरलेला नाही. तरी गोष्ट चालली आहे, आणि चांगली चालली आहे.

आता हीच गोष्ट दुसऱ्या हाताने लिहिलेली बघा. चाळिसाव्या पानावर त्याला तिचे डोळे आठवतात. साठाव्या पानावर पुन्हा डोळेच आठवतात. ऐंशीव्या पानावर ती आरशासमोर उभी राहून आपल्याला काय होतंय असं स्वतःला विचारते. शंभराव्या पानावर पाऊस येतो. ती काय काम करते हे लेखक विसरलेला असतो, तो कुणाच्या दुकानाचा हेही. इथे शब्द भरपूर आहेत, पण कुणीही जागचं हललेलं नाही.

तेव्हा कंटाळा आला की वीस पानं मागे जा आणि स्वतःला विचारा: तेव्हा या दोघांना एकमेकांबद्दल जे माहीत नव्हतं, ते आता काय माहीत आहे? एक जरी गोष्ट सांगता आली तर पुस्तक संथ आहे, थोडं थांबा. एकही सांगता आली नाही तर ते रटाळ आहे.

अर्ध्यापर्यंत छान होती, मग बिघडली. असं का होतं?

बहुतेक वेळा मध्यावर लेखकाकडचं भांडण संपलेलं असतं. दोघांमध्ये खरा अडसर काय, हे आधी पक्कं ठरलेलं नसतं. जात, पैसा, आधीचं लग्न, आईवडिलांची जबाबदारी, एकाची बदली, दुसरीचं शिक्षण, असं काहीतरी खरोखर आडवं आलेलं असेल तर दोनशे पानं सहज निभावतात. तसं काही नसलं की गैरसमज आणला जातो. तिने त्याला कुणाबरोबर तरी पाहिलं, ती बहीण होती. पत्र चुकीच्या हातात पडलं. एका फोनने मिटणारी गोष्ट शंभर पानं पुरवली जाते. आमच्या एक सभासद अशी कादंबरी परत देताना म्हणाल्या, "ओ ताई, एकदा समोर बसून बोलली असती तर पन्नास पानांत संपलं असतं की सगळं. बदलून द्या हे." त्यांचं निदान अचूक होतं.

मोबाइलवर भागाभागाने येणाऱ्या प्रेमकथांत हे फार होतं. वाचक मागणी करतात म्हणून भाग वाढत जातात, आणि लिहिणाऱ्यालाच शेवट ठाऊक नसतो. अशी मालिका सोडताना मुळीच संकोच करू नका. काही तर लिहिणाऱ्यांनीच अर्ध्यावर सोडलेल्या असतात.

नायक नायिकेवर जबरदस्ती करतो, पण पुढे सुधारतो म्हणे. वाचत राहू का?

तुम्हाला नको वाटत असेल तर पाचव्या पानावर सोडा. इथे पन्नास पानांचा नियम नाही.

जुन्या कादंबऱ्यांत, आणि नव्याही पुष्कळ कादंबऱ्यांत, नकार दिलेल्या मुलीच्या मागे मागे फिरणं, तिचा रस्ता अडवणं, थोबाडीत मारणं हे सगळं प्रेमाच्या नावाखाली चालवून घेतलं जातं. पुढे तो बदलतो हे दाखवण्यासाठी त्याला आधी तसा रंगवलाय, असं समर्थन करता येतं, आणि काही लेखक तो बदल खरोखर कमावून दाखवतात. पण तो बघायला थांबण्याचं कर्ज वाचकाच्या डोक्यावर नाही. कॉलेजातल्या मुली हे विचारतात तेव्हा मी त्यांना आवर्जून सांगते: वाचताना पोटात गोळा येत असेल तर तो गोळा खरा माना. पुस्तक मिटल्याने तुम्ही कच्च्या वाचक ठरत नाही.

हेच दुःखाच्या बाबतीतही. घरात नुकतंच कुणी गेलं असेल, लग्न मोडलं असेल, आणि कादंबरीत तेच आलं, तर ती बाजूला ठेवा. परत द्या किंवा मुदत वाढवून घ्या. आम्ही कारण विचारत नाही.

साडेतीनशे रुपये देऊन विकत घेतली आहे. आता सोडली तर पैसे वाया.

पैसे दुकानातच गेले. आता तुमच्या हातात फक्त उरलेल्या संध्याकाळी आहेत.

या सवयीवर हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नाटकांच्या हंगामाची तिकिटं काहींना पूर्ण किमतीत आणि काहींना सवलतीत विकली गेली. कुणाला कुठलं तिकीट मिळेल हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं होतं, त्यामुळे नाटकाची आवड दोन्हीकडे सारखीच. तरी हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण पैसे मोजलेली माणसं जास्त नाटकांना गेली. जास्त पैसे गेले म्हणून नाटकं त्यांच्यासाठी जास्त चांगली झाली नव्हती. गेलेला पैसा आपल्याला ओढून नेतो, एवढंच.

विकत घेण्याआधी वाचनालयात मिळते का ते बघा. ई-पुस्तक असेल तर नमुन्याची पानं फुकट वाचायला मिळतात, ती वाचल्याशिवाय पैसे भरू नका. आणि घेतलेली आवडली नाही तर लगेच, कोरी असतानाच, कुणाला तरी द्या.

जावेने मोठ्या प्रेमाने दिलेली कादंबरी आहे. रोज विचारते, "कुठपर्यंत आलीस?" काय सांगू?

खरं सांगा, पण तिच्या आवडीला हात न लावता. "माझं मन लागेना गं, मी सत्तर पानांवर थांबले. तुला त्यातलं काय आवडलं ते सांग की." मग ऐका. बहुतेकदा ती एखादा प्रसंग सांगते, आणि तो दीडशेव्या पानावरचा असतो. कधी कधी तो ऐकून तिथून पुढे वाचावंसं वाटतं. नाही वाटलं तरी तिला बोलायला कुणीतरी मिळालं, आणि पुस्तक देणाऱ्या माणसाला खरं म्हणजे तेवढंच हवं असतं.

वाचल्याचं खोटं सांगू नका. पुढचा भाग आणून देतील.

फडके, खांडेकरांच्या काळातली कादंबरी सोडायची हिंमत होत नाही. आईची आवडती होती.

सोडता येते, पण थोडी जास्त पानं देऊन. सत्तर ऐंशी वर्षांपूर्वीच्या मराठीची सवय व्हायलाच वीस तीस पानं जातात. आपलं मन लागत नाही ते गोष्टीमुळे की वाक्यांच्या वळणामुळे, हे तोवर कळत नाही.

शिवाय हे दोन लेखक एकाच प्रकारचे नव्हेत. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा त्या काळचा गाजलेला वाद. ना. सी. फडके एका बाजूला, वि. स. खांडेकर दुसऱ्या. १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फडके होते आणि लगेच पुढच्या वर्षी, १९४१ साली, आपल्या सोलापूरच्या संमेलनाचे अध्यक्ष खांडेकर. त्या वर्षी सोलापुरातल्या वाचणाऱ्या घरांत या वादावर चर्चा झडल्या असणार असं मला नेहमी वाटतं. फडक्यांकडे सफाईने रचलेलं कथानक, गुंतागुंत, तिची उकल. खांडेकरांकडे चिंतन, ध्येयवाद, उपमा आणि सुभाषितासारखी वाक्यं. ज्याला एक भावतो त्याला दुसरा पुष्कळदा जमत नाही. आईला खांडेकर आवडत होते आणि तुम्हाला आवडत नसतील तर तो स्वभावाचा भाग आहे. तिने पेन्सिलीने खुणा केलेली पानं तेवढी वाचा. आईची आवड कळायला तेवढं पुरतं.

अनुवादित प्रेमकादंबरी दहा पानांतच नकोशी झाली.

अनुवाद कच्चा असेल. जमत असेल तर मूळ भाषेत वाचून बघा. आपल्याकडे तेलुगू आणि कन्नड वाचणारी घरं पुष्कळ आहेत, त्यांना त्या भाषांतल्या पुस्तकांसाठी हा मार्ग मोकळा आहे.

हल्ली कुठलंच पुस्तक संपत नाही. माझंच काही बिघडलंय का?

आधी चष्म्याचा नंबर तपासा. मी हे मनापासून सांगते. चाळिशीनंतर कितीतरी जणी "मन लागत नाही" म्हणतात आणि त्रास बारीक टाइपाचा असतो. नंबर बदलला की त्याच पुस्तकात मन रमतं.

दुसरं म्हणजे दिवस बघा. एप्रिल मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असतो, दुपारी पंख्याखालीही घाम पुसत बसावं लागतं, तेव्हा सहाशे पानी कादंबरी हातात घेऊ नये. लग्नसराईत, किंवा जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, दिवसांत पाहुण्यांनी घर भरलेलं असताना पुस्तक चार चार दिवस उघडलंच जात नाही. सलग वाचायलाच मिळालं नाही म्हणून धागा सुटला, तर त्याला पुस्तक सोडणं म्हणता येणार नाही. अशा वेळी लघुकथा घ्या, किंवा पूर्वी आवडलेली एखादी प्रेमकादंबरी पुन्हा वाचा.

हे सगळं ठीक असूनही महिनोन्महिने काहीच वाचवत नसेल, झोप आणि जेवणही बिघडलं असेल, तर तो पुस्तकांचा प्रश्न नाही. घरात बोला, डॉक्टरांना भेटा.

ऐकण्याच्या पुस्तकाला हाच नियम लावायचा का?

आधी वाचणाऱ्याचा आवाज तपासा. प्रेमकथेत आवाज खटकला की सगळंच खटकतं. तेच पुस्तक छापील मिळालं तर वीस पानं वाचून बघा. गोष्ट मात्र आवाजामुळे नव्हे तर स्वतःमुळेच कंटाळवाणी असेल तर वेग वाढवून ऐकण्यात अर्थ नाही. प्रेमाची गोष्ट घाईत ऐकायची कशाला?

मी सोडल्याने लेखकाचं नुकसान होतं का?

छापील पुस्तक विकलं गेलं, मग तुम्ही किती पानं वाचलीत याचा लेखकाच्या मानधनाशी संबंध नसतो. किंडल अनलिमिटेडसारख्या सभासदत्वाच्या योजनेत मात्र असतो. तिथे २०१५ पासून वाचल्या गेलेल्या पानांनुसार लेखकाला पैसे मिळतात. म्हणून काही लेखिकांना पानं पुरवण्याचा मोह होतो, आणि म्हणूनच वाचकाने योग्य जागी थांबणं तिथे उलट महत्त्वाचं ठरतं.

अभिप्राय लिहिणार असाल तर कुठपर्यंत वाचलं ते पहिल्याच ओळीत लिहा. "एकशे वीस पानांपर्यंत वाचली, पुढे वाचवली नाही" हे प्रामाणिक आहे. न वाचलेल्या शेवटाबद्दल मत देऊ नका. कारणही नेमकं द्या: संवाद खोटे वाटले, नायिकेला स्वतःचं काही आयुष्य नव्हतं, गैरसमज ताणला. "बकवास" या शब्दाने लेखकाला काही कळत नाही आणि पुढच्या वाचकालाही नाही.

घरी म्हणतात, "तसली पुस्तकं वाचायची कशाला, आणि वाचायचीच तर सोडायची कशाला?"

दोन माणसांना एकमेकांविषयी विश्वास कसा वाटू लागतो, यावर लिहिणं फार अवघड आहे. ज्यांना हे पुस्तकांत वाचायला आवडतं त्यांनी मान खाली घालायचं कारण नाही. आमच्याकडे बिड्या वळून हातावरचं पोट भरणाऱ्या बायका येतात, निवृत्त मुख्याध्यापिका येतात, बँकेतले साहेबही येतात, आणि प्रेमकादंबरीच मागतात. त्यातली चांगली कुठली आणि टाकाऊ कुठली हे त्यांना समीक्षकांइतकंच कळतं. टाकाऊ बाजूला ठेवणं हा त्या जाणकारीचाच भाग आहे.

एकदा सोडलेली पुन्हा घ्यावी का?

दोन चार वर्षांनी, आठवण आली तर. विशीत कंटाळवाणी वाटलेली लग्नानंतरच्या प्रेमाची गोष्ट चाळिशीत जवळची वाटते, असं मी खूपदा पाहिलं आहे. आठवण आलीच नाही तर प्रश्न मिटला.

परत करताना काउंटरवर काय सांगायचं?

कितव्या पानावर थांबलात आणि का, एवढं एका वाक्यात सांगा. आम्हाला ते फार उपयोगी पडतं. चार जणी एकाच जागी थांबल्या की पुढच्या खरेदीत त्या लेखकाचं दुसरं पुस्तक घेताना आम्ही विचार करतो, आणि "मधली चाळीस पानं सोडून पुढे जा, शेवट छान आहे" असं कुणी सांगितलं तर ते नव्या सभासदापर्यंत पोचवतो.

समासात पेन्सिलीने "पुढे वाचू नका" असं लिहू नका, खूण म्हणून पान दुमडू नका. मुदत संपायची वाट बघू नका, ज्या दिवशी सोडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आणून द्या. त्या पुस्तकासाठी कुणीतरी नाव नोंदवून ठेवलेलं असतं. आणि आवडलेल्या एका जुन्या प्रेमकादंबरीचं नाव तेव्हाच सांगा, म्हणजे तिच्या जवळपास जाणारं पुढचं पुस्तक कपाटातून लगेच काढून देता येतं.